देयककार्ड आणि साक्षीचा प्रश्न : माहितीसाठवण व व्यवहार-पडताळणीचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

१९८० साली न्यूयॉर्क शहराच्या दिवाणी न्यायालयापुढे एक लहानसा दावा आला. एका महिला खातेदाराच्या खात्यातून रोख रक्कम देणाऱ्या यंत्राद्वारे ८०० डॉलर काढले गेले होते. हे पैसे आपण काढले नाहीत, त्या वेळी आपण नोकरीच्या ठिकाणी होतो, असे तिचे म्हणणे होते आणि त्याच्या पुष्ट्यर्थ तिने मालकाचे पत्रही हजर केले होते. बँकेने संगणकाच्या नोंदी पुढे केल्या. खातेदाराचेच कार्ड आणि तिचाच गुप्तांक वापरल्याखेरीज यंत्र पैसे देत नाही, हा बँकेचा युक्तिवाद होता. न्यायालयाने निकाल खातेदाराच्या बाजूने दिला. विश्वासार्ह माणसाची साक्ष एका बाजूस आणि यंत्राची 'साक्ष' दुसऱ्या बाजूस उभी राहिली, तर माणसावर पेलता न येणारे सिद्धतेचे ओझे कायद्यानेच येऊन पडते, असे मानावयास न्यायाधीश तयार झाले नाहीत.

देयककार्डाचा इतिहास सामान्यतः सोयीचा आणि वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वरील दाव्यात मात्र त्याची दुसरी बाजू दिसते. कार्डात पैसा नसतो. एका खात्याकडे बोट दाखवणारी खूण आणि ती खूण बाळगणारी व्यक्ती खरी आहे, याचा काही पुरावा, एवढेच त्यात असते. ही खूण कोठे साठवावयाची, तो पुरावा कोणी तपासावयाचा आणि तो खोटा ठरल्यास नुकसान कोणी सोसावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे दर पिढीत बदलत गेली. ती एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत, कारण माहिती साठवण्याची पद्धत बदलली की साक्षीदार बदलतो आणि साक्षीदार बदलला की दोषाचे वाटपही बदलते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने देयककार्डाच्या तंत्राचा मागोवा घेतला आहे.

धातूची पट्टी, पुठ्ठा आणि प्लॅस्टिक

अमेरिकेतील मोठ्या दुकानांत १९३० च्या सुमारास 'चार्गा-प्लेट' नावाची धातूची छोटी पट्टी रूढ झाली. सैनिकाच्या गळ्यातील ओळखपट्टीसारख्या दिसणाऱ्या या पट्टीवर ग्राहकाचे नाव व गाव उठावाच्या अक्षरांत असे आणि पाठीमागे सहीसाठी कागदाचा तुकडा बसवलेला असे. दुकानदार ती यंत्रात ठेवून कागदावर तिचा ठसा घेई. पट्टीने वाचवली ती केवळ नाव लिहिण्याची मेहनत. ग्राहकाची ओळख पटवण्याचे काम दुकानातील माणसाचेच होते आणि उधारीही त्या दुकानापुरतीच होती.

१९५० साली फ्रँक मॅकनमारा व राल्फ श्नायडर यांनी न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या डायनर्स क्लबने हे नाते मोडले. उपाहारगृहात जेवण झाल्यावर पैशाचे पाकीट घरी राहिल्याचे मॅकनमारांच्या लक्षात आले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती प्रसिद्धीसाठी बरीच रंगवली गेली, असे मानण्यास जागा आहे. कथा कशीही असो, ग्राहक व विक्रेता यांच्यामध्ये तिसरा पक्ष आला, ही त्या घटनेतील महत्त्वाची बाब होय. ग्राहकाला कधीही न पाहिलेल्या विक्रेत्याने आता पुठ्ठ्याच्या तुकड्यावर विश्वास ठेवावयाचा होता.

हा विश्वास किती महाग पडू शकतो, हे बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे अनुभवले. सप्टेंबर १९५८ मध्ये या बँकेने तेथील सुमारे ६०,००० ग्राहकांना कोणीही न मागता टपालाने कार्डे पाठवली. सुमारे ४ टक्के खाती थकतील, असा तिचा अंदाज होता. प्रत्यक्षात थकबाकीचे प्रमाण २२ टक्क्यांवर गेले. टपालपेट्यांतून कार्डे चोरीस गेली. न मागता आलेल्या कार्डावर कोणा तिऱ्हाइताने खरेदी केली तर पैसे कोणी द्यावयाचे, हा प्रश्न पुढे अमेरिकेत इतका तीव्र झाला की, १९७० साली कायद्याने अशी कार्डे पाठवण्यास बंदी झाली आणि अनधिकृत वापराबद्दल ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरपर्यंत मर्यादित करण्यात आली. अमेरिकन कार्डव्यवसायाची पुढील वाटचाल समजून घेताना ही मर्यादा विसरून चालत नाही. नुकसान ग्राहकावर ढकलता येत नसल्यामुळे फसवणूक रोखण्याचे तंत्र शोधणे बँकांना भाग पडले.

त्या काळातील पडताळणी आज विलक्षण वाटेल. विक्रेता कार्ड ठसायंत्रात ठेवी आणि त्यावर कार्बनयुक्त पावती ठेवून दट्ट्या सरकवी. कार्डावरील उठावाचे अंक पावतीच्या प्रतींवर उमटत. ग्राहक सही करी व विक्रेता ती कार्डामागील सहीशी ताडून पाही. ठरावीक रकमेपर्यंतच्या खरेदीस कोणालाही विचारण्याची गरज नसे. त्यावरील खरेदीसाठी दूरध्वनी करावा लागे, तेथील कारकून बँकेकडे चौकशी करी आणि मंजुरीचा क्रमांक सांगे. रात्री बँक बंद असेल तर ग्राहक काउंटरपाशी ताटकळत राही. चोरीस गेलेल्या कार्डांच्या छापील याद्या दुकानांना ठरावीक काळाने पाठवल्या जात. यादी छापून होईपर्यंत चोराला मोकळे रान मिळे, आणि बारीक टायपातील हजारो क्रमांकांत हातातील कार्डाचा क्रमांक शोधण्याचा उत्साह गर्दीच्या वेळी किती विक्रेत्यांत उरत असेल, याची कल्पना करता येते.

क्रमांकातील आत्मपरीक्षा

कार्डावरील क्रमांक हा नुसता अनुक्रमांक नसतो. त्यातील आरंभीचे सहा अंक कार्ड देणारी बँक कोणती हे दर्शवत. संस्थांची संख्या वाढल्यामुळे अलीकडे आठ अंकांची पद्धत आली आहे. मधले अंक खात्याचे असतात. शेवटचा अंक मात्र कोणतीही नवी माहिती देत नाही. आधीचे अंक बरोबर लिहिले गेले आहेत की नाही, एवढेच तो सांगतो.

ही युक्ती आयबीएममधील हान्स पीटर लुन यांची. तिच्या पेटंटसाठी त्यांनी १९५४ साली अर्ज केला व १९६० साली ते मिळाले. उजवीकडून दर दुसरा अंक दुप्पट करावयाचा, दुप्पट दोन अंकी आल्यास तिच्या अंकांची बेरीज घ्यावयाची आणि सर्वांची एकूण बेरीज करावयाची. ती दहाने नि:शेष भागली गेली तर क्रमांक ग्राह्य. उदाहरणार्थ, ७९९२७३९८७१३ या क्रमांकाची बेरीज ७० येते. एखादा अंक चुकला तर चूक हमखास उघड होते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी, ० आणि ९ यांची अदलाबदल वगळता, ती सापडते.

मराठी वाचकाला यात परिचित काही दिसेल. हुंडीत रक्कम अंकी व अक्षरी लिहून 'निमे रुपये इतके, त्याचे दुप्पट' अशीही मांडली जात असे, म्हणजे कागदावरील एक आकडा खोडून दुसरा करणाऱ्याला तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागे. हुंडी हरवल्यास पैठ, आणि तीही हरवल्यास परपैठ लिहून देण्याची रीत होती. शहाजोग हुंडीचे पैसे पेठेत प्रतिष्ठित असलेल्या 'शहा'लाच मिळत, म्हणजे धारकाची ओळख हा पडताळणीचा भाग होता. दोन्ही पद्धतींमध्ये कोणताही ऐतिहासिक दुवा नाही. परंतु हुंडीची निमे-दुप्पट जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीला अडथळा होती, तर लुन यांचा अंक केवळ हातून झालेली चूक पकडतो, हा भेद येथे उपयोगी आहे. लुन यांचा नियम सर्वांस ठाऊक असल्यामुळे ग्राह्य दिसणारा क्रमांक कोणालाही रचता येतो. क्रमांक बरोबर असणे आणि क्रमांक खऱ्या माणसाच्या हाती असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कार्डाच्या इतिहासातील बहुतेक आपत्ती या दोहोंची गल्लत केल्यामुळे ओढवलेल्या दिसतात.

चुंबकीय पट्टी : बोलणारे पण लपवू न शकणारे कार्ड

१९६० च्या सुमारास आयबीएममधील अभियंता फॉरेस्ट पॅरी अमेरिकी सरकारच्या एका ओळखपत्रासाठी प्लॅस्टिकवर चुंबकीय फीत चिकटवण्याच्या खटपटीत होते. गोंदाने फीत वाकडी होई. घरी पत्नी डोरोथिया कपड्यांना इस्त्री करीत होत्या. त्यांनी सुचवल्यावरून फीत इस्त्रीने दाबून बसवली आणि ती बसली. प्रयोग घरगुती असला तरी तिचे व्यापारी उपयोगात रूपांतर होण्यास दशक लागले. जानेवारी १९७० मध्ये शिकागोच्या ओहेअर विमानतळावर अमेरिकन एक्स्प्रेस व अमेरिकन एअरलाइन्स यांच्या सहभागाने तिची चाचणी झाली.

पट्टीवरील माहितीची मांडणी कोणी ठरवली, हे तिच्या रचनेतच उमटलेले आहे. पहिला मार्ग विमान कंपन्यांच्या संघटनेने आखला. त्यावर इंचाला २१० बिट या घनतेने ७९ अक्षरे व अंक मावतात, आणि प्रवाशाचे नाव हवे म्हणून त्यात नाव आहे. दुसरा मार्ग अमेरिकन बँकांच्या संघटनेचा. त्यावर इंचाला ७५ बिट एवढीच घनता असून केवळ ४० अंक मावतात. बँकांना नावाशी कर्तव्य नव्हते. खात्याचा क्रमांक, मुदत संपण्याचे वर्ष व महिना, कार्ड कोठे व कसे चालावे हे सांगणारा तीन अंकी सेवासंकेत आणि बँकेच्या मर्जीचे काही अंक, इतकी सामग्री त्यांना पुरेशी होती. तिसरा मार्ग बचतसंस्थांसाठी होता. त्यावर पुन्हा लिहिण्याची सोय होती, पण खरेदीच्या व्यवहारात तो फारसा रुजला नाही.

पट्टी उपयुक्त ठरली ती तिच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या जाळ्यामुळे. डी हॉक यांच्या नेतृत्वाखाली १९७० साली स्थापन झालेल्या आणि १९७६ मध्ये व्हिसा हे नाव घेतलेल्या संघटनेने १९७३ साली 'बेस-१' ही संगणकीय मंजुरीव्यवस्था सुरू केली. त्यामुळे काही मिनिटे खाणारी मंजुरी मिनिटाच्या आत येऊ लागली. पुढे १९८१ साली हवाई बेटांवर स्थापन झालेल्या व्हेरिफोनसारख्या कंपन्यांनी स्वस्त यंत्रे तयार केली आणि ती दुकानाच्या काउंटरवर पोहोचली. व्यवहाराचा मार्ग तेव्हापासून ठरून गेला. यंत्र पट्टी वाचते, रक्कम जोडून व्यापाऱ्याच्या बँकेकडे पाठवते, तेथून कार्डसंस्थेच्या जाळ्यातून प्रश्न कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, ती खाते व शिल्लक पाहून उत्तर देते आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. या संदेशांचा नमुना १९८७ च्या आयएसओ ८५८३ या मानकात निश्चित झाला. त्यात '००' म्हणजे मंजूर आणि '५१' म्हणजे शिल्लक अपुरी.

पडताळणीचे केंद्र अशा प्रकारे काउंटरवरून बँकेच्या संगणकात गेले. विक्रेत्याच्या नजरेचे महत्त्व उणावले. मात्र बँकेच्या संगणकाला ग्राहक दिसत नाही. त्याला पट्टीवरील अंक दिसतात. आणि पट्टी कोणतेही गुपित राखू शकत नाही. जो वाचक-यंत्र बाळगतो, त्याला ती सारे सांगते. नकली पट्ट्या रोखण्यासाठी १९९० च्या दशकाच्या आरंभी पट्टीवर तीन अंकांचे एक पडताळणीमूल्य घालण्यात आले. ते बँकेजवळील गुप्त किल्लीने क्रमांक व मुदतीवरून काढलेले असल्यामुळे पावतीवरून क्रमांक मिळवलेल्या चोराला ते रचता येत नसे. टपाल व दूरध्वनीवरील खरेदीसाठी त्याच जातीचे पण वेगळे मूल्य कार्डाच्या पाठीवर छापले जाऊ लागले. पट्टीची जशीच्या तशी नक्कल करणाऱ्यापुढे मात्र हे मूल्य निरुपयोगी होते, कारण नकलेत तेही येते. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीच्या यंत्रांतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली, तेव्हा चोरांनी काहीही फोडले नव्हते. पट्टी वाचल्यावर यंत्राच्या स्मृतीत क्षणभर उघडी पडणारी माहिती त्यांनी उचलली होती.

गुप्तांकाची परंपरा वेगळ्या वाटेने आली. २७ जून १९६७ रोजी लंडनजवळील एन्फिल्ड येथे बार्कलेज बँकेने बसवलेल्या रोकडयंत्रामागे जॉन शेफर्ड-बॅरन होते. त्यांचा जन्म शिलाँगचा. त्या यंत्रात प्लॅस्टिकचे कार्ड नसून कार्बन-१४ चा अंश असलेली कागदी चलने वापरली जात. सहा अंकांऐवजी चारच अंक ठेवले ते पत्नीला चारच लक्षात राहतात म्हणून, असे त्यांनीच सांगितले होते. कार्ड व गुप्तांक यांची सांगड घालणारे पेटंट १९६६ सालचे असून ते जेम्स गुडफेलो यांच्याकडे जाते. सही पाहून माणूस शंका घेऊ शकतो. गुप्तांक मात्र एक तर बरोबर असतो किंवा चूक. न्यूयॉर्कच्या दाव्यात बँकेचा सारा भर या निश्चितपणावर होता.

फ्रान्समधील वेगळी वाट

युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, दूरध्वनीवरून प्रत्येक खरेदीची मंजुरी घेणे महाग आणि बेभरवशाचे होते. बँकेला विचारता येत नसेल तर कार्डालाच विचारावे, हा विचार तेथे रुजला. त्यासाठी कार्डाला गुपित राखता आले पाहिजे. जर्मनीत युर्गेन डेट्लॉफ व हेल्मुट ग्रोट्रुप यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस, तर जपानमध्ये कुनिताका अरिमुरा यांनी १९७० साली अशा कल्पनांवर काम केले होते. हे ग्रोट्रुप म्हणजे दुसऱ्या महायुद्धात व्ही-२ अग्निबाणाच्या प्रकल्पावर काम केलेले अभियंता. फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी १९७४ साली स्मृतियुक्त कार्डाचे पेटंट नोंदवले आणि बुल कंपनीतील मिशेल युगाँ यांनी त्यात सूक्ष्मप्रक्रियक आणला. १९९२ च्या अखेरीस फ्रान्समधील सर्व बँककार्डांवर चिप आली.

गुप्तांक आता कार्डातच तपासला जाई. बँकेने दिलेली एक अंकीय स्वाक्षरी चिपमध्ये असे; दुकानातील यंत्र ती पाहून कार्ड खरे मानी. येथे एक उणीव राहिली होती. ही स्वाक्षरी दर वेळी तीच असे. ज्या किल्लीने ती तयार होई तिची लांबी ३२० बिट होती आणि संगणकांची शक्ती वाढत गेली तशी ती तोकडी पडत गेली. सेर्ज हम्पिश या अभियंत्याने ती किल्ली फोडली, कोणताही गुप्तांक दिला तरी होकार देणारी कार्डे बनवली आणि त्यांच्या साहाय्याने पॅरिसच्या भुयारी रेल्वेची तिकिटे काढून आपला दावा सिद्ध केला. ज्ञान बँकांना विकण्याचा त्याचा प्रयत्न फसला. फेब्रुवारी २००० मध्ये त्याला दहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. व्यवस्थेतील दोष दाखवणारा गुन्हेगार ठरावा काय, हा वाद फ्रान्समध्ये बराच गाजला. हम्पिश सौदा करावयास गेला होता हे खरे. पण अशा कार्डातून कोणाचे नुकसान झाले असते तर 'चिप फोडता येत नाही' या एका वाक्यावर दोष ग्राहकाकडे वळला असता, हेही नाकारता येत नाही.

दर व्यवहाराला नवी साक्ष

युरोपे, मास्टरकार्ड व व्हिसा यांनी मिळून तयार केलेले ईएमव्ही हे मानक १९९० च्या दशकाच्या मध्यास आले. चिपमध्ये बँकेने घातलेली गुप्त किल्ली असते. ती कार्डाबाहेर कधीच येत नाही. व्यवहाराच्या वेळी दुकानातील यंत्र रक्कम, दिनांक व स्वतः निवडलेली एक यादृच्छिक संख्या चिपला देते. चिप त्यात आपल्या व्यवहारगणकाचा आकडा मिळवते आणि या सर्वांवर किल्ली चालवून एक सांकेतिक मूल्य काढते. बँकेजवळ तीच किल्ली असल्यामुळे ती तेच मूल्य स्वतः काढून ताडून पाहते. गणक प्रत्येक वेळी पुढे सरकत असल्याने कालचे मूल्य आज चालत नाही. पट्टीची नक्कल म्हणजे कार्डाची नक्कल होती. येथे मात्र ऐकलेले उत्तर पुन्हा उच्चारून उपयोग नाही.

ब्रिटनमध्ये १४ फेब्रुवारी २००६ पासून सहीऐवजी गुप्तांकाचा आग्रह धरण्यात आला. त्याबरोबर तक्रारदारांना एक ठरीव उत्तर मिळू लागले : व्यवहारात चिप व गुप्तांक वापरला गेला आहे, तेव्हा एक तर तो व्यवहार आपण केला आहे किंवा गुप्तांकाबाबत आपण निष्काळजी होतात. १९९० च्या दशकात तेथील एका पोलीस शिपायाला अशी तक्रार केल्याबद्दल फसवणुकीच्या प्रयत्नाचा दोषी ठरवण्यात आले होते. अपिलात बचावपक्षाच्या तज्ज्ञांना बँकेच्या संगणकव्यवस्थेची तपासणी करू दिली गेली नाही, म्हणून न्यायालयाने बँकेचा पुरावा बाजूला ठेवला आणि १९९६ साली तो निर्दोष सुटला.

२०१० साली केंब्रिज विद्यापीठातील स्टीव्हन मर्डॉक, सार ड्रिमर, रॉस अँडरसन व माइक बाँड यांनी दाखवून दिले की, बँकांच्या त्या ठरीव उत्तराचा पायाच ठिसूळ आहे. गुप्तांक बरोबर असल्याचे चिप यंत्राला कळवते तेव्हा त्या उत्तरावर कोणतीही सांकेतिक मोहोर नसते. चोरलेले कार्ड आणि यंत्र यांच्यामध्ये एक छोटे साधन बसवले की, ते यंत्राला 'गुप्तांक बरोबर' असे सांगते, आणि खऱ्या चिपला मात्र गुप्तांक विचारलाच जात नाही. सहीवर व्यवहार चालला आहे, अशी तिची समजूत होते. पावतीवर 'गुप्तांकाने पडताळले' असे छापून येते. हा हल्ला प्रत्यक्षात करणे अवघड असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. पुढे फ्रान्समध्ये चोरांच्या एका टोळीने चोरलेल्या चिपवर दुसरी चिप चिकटवून सुमारे ४० कार्डांद्वारे जवळपास ६ लाख युरो उकळल्याचे उघड झाले. त्या कार्डांच्या न्यायवैद्यक तपासणीचा अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. कायदा या बाबतीत तंत्राच्या पुढे होता. युरोपीय संघाच्या २००७ च्या देयकसेवा निदेशानुसार साधनाचा वापर नोंदला गेला, एवढ्यावरून ग्राहकाने संमती दिली किंवा हयगय केली असे सिद्ध होतेच असे नाही.

अमेरिकेने चिप स्वीकारण्यास २०१५ पर्यंत वेळ घेतला. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून चिपयोग्य यंत्र न ठेवणाऱ्या व्यापाऱ्यावर नकली कार्डाचे नुकसान टाकण्याचा नियम कार्डसंस्थांनी केला, आणि बदलाला गती आली.

भारतातील अनुभव

मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली 'सेंट्रलकार्ड' आणले. १९८७ साली मुंबईतच एचएसबीसीने देशातील पहिले एटीएम बसवले. परंतु पडताळणीच्या इतिहासात भारताचे स्वतंत्र स्थान निर्माण झाले ते रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या निर्णयाने. १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्डखरेदीसाठी कार्डावर न दिसणाऱ्या माहितीच्या आधारे अतिरिक्त पडताळणी सक्तीची झाली. कार्डाच्या पाठीवरील तीन अंक ही कार्ड पाहणाऱ्या कोणालाही दिसणारी माहिती आहे, तिला गुपित म्हणता येत नाही, ही या नियमामागील भूमिका होय. पाश्चात्त्य देशांत केवळ छापील अंकांवर खरेदी चालू असताना हा नियम आला. व्यापाऱ्यांनी गैरसोयीची तक्रार केली, तरी तो टिकला. मोबाइलवर येणारा एकवेळचा संकेतांक सामान्य माणसाच्या रोजच्या व्यवहाराचा भाग झाला.

दुकानातील व्यवहारांत मात्र पट्टीचे ओझे बराच काळ राहिले. २००८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१२ मध्ये रुपे कार्ड आणले. २०१६ साली सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती फुटल्याच्या शंकेने बँकांना ती कार्डे बदलावी वा रोखावी लागली. केवळ पट्टी असलेली कार्डे बदलण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत देण्यात आली. ती संपण्यापूर्वी, त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये, पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक हल्ल्याची बळी ठरली.

११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत २८ देशांतील एटीएममधून आणि भारतातूनही नकली कार्डांनी रोकड काढली गेली. १३ ऑगस्टला आंतरबँक संदेशव्यवस्थेतून हाँगकाँगकडे आणखी रक्कम वळवली गेली. एकूण नुकसान ९४ कोटी रुपयांहून अधिक होते. या घटनेचे तांत्रिक स्वरूप प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोधक आहे. एटीएमकडून आलेला प्रश्न बँकेच्या खातेव्यवस्थेपर्यंत पोहोचलाच नाही. मध्ये बसवलेल्या बनावट दुव्याने बँकेच्या वतीने 'मंजूर' असे उत्तर परस्पर दिले. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांतून रक्कम वजा झाली नाही. तोटा बँकेचा झाला. १९७३ पासून ज्या एका जागी पडताळणीचा अंतिम शब्द ठेवण्यात आला होता, त्या जागेचेच सोंग घेतले गेले. केंब्रिजच्या संशोधकांनी कार्ड आणि यंत्र यांच्यामध्ये जे केले, तेच येथे एटीएमचे जाळे आणि बँक यांच्यामध्ये घडले.

त्यानंतरचा बदल माहिती साठवण्याच्या मुळाशी जातो. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातील ऑनलाइन व्यापाऱ्यांना ग्राहकाच्या कार्डाचा खरा क्रमांक जतन करण्यास मनाई झाली. त्याऐवजी त्या व्यापाऱ्यापुरता चालणारा पर्यायी क्रमांक कार्डसंस्था देते. तो चोरीस गेला तरी दुसऱ्या दुकानात निरुपयोगी असतो. पट्टीचा काळही सरत आला आहे. आपल्या कार्डांवरून ती २०३३ पर्यंत पूर्णपणे काढण्याचा निर्णय मास्टरकार्डने २०२१ साली जाहीर केला.

सिद्धतेच्या ओझ्याबाबत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट भूमिका घेतली. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील, असे त्यात म्हटले होते. दोष बँकेचा नाही व ग्राहकाचाही नाही, व्यवस्थेत अन्यत्र कोठे तरी आहे, अशा प्रसंगी कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाला नुकसान सोसावे लागणार नव्हते. मात्र गुप्तांक किंवा संकेतांक दुसऱ्याला सांगण्यासारखी हयगय ग्राहकाने केली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे. संकेतांक ग्राहकाने सांगितला की तो दुसऱ्या मार्गाने कोणाच्या हाती पडला, हे ठरवण्याची वेळ येते तेव्हा बँकेच्या संगणकातील नोंदी एका बाजूला आणि ग्राहकाचा शब्द दुसऱ्या बाजूला, अशीच मांडणी पुन्हा समोर येते.